बाबांचा पेट स्कॅन आणि मेंदूतले एक आम्ल



गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्याहून दादाचा व्हॉट्सऍपवर मेसेज आला. सोबत बाबांच्या रिपोर्टच्या पाच पानांचे फोटो, जरा वाकडे आणि शेवटच्या पानावर दादाच्या अंगठ्यासकट. बाबा ७१ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या (मराठीत पुरःस्थ ग्रंथी, पण आमच्याकडे कोणी असे म्हणत नाही) कॅन्सरमुळे ती ग्रंथी ऑपरेशन करून पूर्ण काढली होती. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी रक्तातले पीएसए तपासायचे, ते जवळजवळ शून्य आले की आईने देवापुढे साखर ठेवायची आणि आम्ही इकडे सुटकेचा श्वास सोडायचा, असे चालले होते. या वेळी ते ०.४ आले. ऑपरेशननंतर हा आकडा ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर आजार परतला असे डॉक्टर धरतात. म्हणून त्यांनी 'पीएसएमए पेट स्कॅन' करायला सांगितला, आणि हा त्याचाच रिपोर्ट होता.

त्या रात्री बाबांचा फोन. "अरे, मागे पीएसए होते, आता हे पीएसएमए कुठून आले? छपाईची चूक आहे का? आणि पेट स्कॅन म्हणतात, पण फोटो तर डोक्यापासून मांड्यांपर्यंत काढलाय!" 'पेट' म्हणजे पोट असे आईने परस्पर ठरवून टाकले होते.

"बघून सांगतो बाबा," म्हणून मी फोन ठेवला खरा, पण माझी अवस्था काही वेगळी नव्हती. अकरावीत बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला मी माणूस. पुढे इंजिनिअरिंग आणि मग आयटी. रासायनिक सूत्र पाहिले की अजूनही पोटात गोळा येतो. पण बापाचा प्रश्न होता, म्हणून पुढचे दोन महिने रात्री मुले झोपल्यावर वाचत बसलो. जे हाती लागले ते इतके विलक्षण होते की मंडळाच्या पानावर लिहिल्यावाचून राहवेना. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, सासरे त्याच वयाचे आहेत, आणि असा रिपोर्ट उद्या तुमच्याही फोनवर येऊ शकतो. (मी डॉक्टर नाही. उपचाराचे निर्णय अर्थातच डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचे.)

आधी बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. पीएसए आणि पीएसएमए या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करून बाहेर सोडतात असे प्रथिन. त्यातले थोडे रक्तात झिरपते आणि ते आपण मोजतो. पीएसएमए हेही प्रथिनच, पण ते पेशीच्या आवरणात रुतून बसलेले असते आणि त्याचा मोठा भाग पेशीच्या बाहेर डोकावत असतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर ते भरमसाट असते. म्हणजे पीएसए हा घरातून येणारा धूर, तर पीएसएमए ही दारावरची पाटी. धूर दिसला की कुठेतरी जळतेय एवढे कळते; कुठले घर ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. स्कॅनचे काम पाटी वाचण्याचे.

मग ती वाचायची कशी? तर बाबांच्या शिरेत एका किरणोत्सारी पदार्थाचे इंजेक्शन दिले होते आणि तो पदार्थ नेमका पीएसएमएला जाऊन चिकटतो. इथे मी थबकलो. शरीरात हजारो प्रकारची प्रथिने आहेत. त्यातल्या याच एकाला चिकटणारा रेणू कोणी आणि कसा शोधला? उत्तर शोधता शोधता मी कॅन्सरपासून पार मेंदूत जाऊन पोहोचलो, कारण तो रेणू आपल्या मेंदूतल्या एका छोट्या आम्लाची नक्कल आहे.

त्या आम्लाचे नाव एन-ऍसिटिल-ऍस्पार्टिल-ग्लुटामेट. नाव मालगाडीसारखे आहे, त्यामुळे सगळे त्याला 'एनएएजी' किंवा नुसते 'नाग' म्हणतात. आपणही नागच म्हणू, आपल्याला लक्षात ठेवायला सोपे! हे डायपेप्टाइड आहे. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळीने बनतात हे शाळेत शिकलेले आठवत असेल. एका अमिनो आम्लाचे आम्लाचे टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला जुळते, जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तयार झालेल्या सांध्याला पेप्टाइड बंध म्हणतात. साखळीत फक्त दोनच कड्या असल्या की डायपेप्टाइड. तुमच्या फ्रीजमध्ये डाएट सोड्याचा कॅन असेल तर बहुधा त्यातही एक सापडेल: ऍस्पार्टेम हे दोन अमिनो आम्लांच्या जोडीपासूनच बनवलेले आहे.

नागमधल्या दोन कड्या म्हणजे ऍस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल. आपली प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांनी बनतात त्यात आम्लधर्मी अशी ही दोनच, आणि निसर्गाने नेमकी तीच एकमेकांना जोडली. या दोघांच्या बाजूला एकेक जादा कार्बॉक्सिल गट लोंबत असतो. (व्हिनेगरला आंबटपणा देतो तोच गट.) ते दोन आणि साखळीच्या शेवटचा एक, असे नागवर तीन कार्बॉक्सिल गट होतात. शरीरातल्या पाण्यात हे तिन्ही आपला हायड्रोजन सोडून देतात आणि प्रत्येकी एक ऋण भार घेऊन बसतात. साध्या डायपेप्टाइडच्या दुसऱ्या टोकाला निदान एक धन भार असतो. इथे त्या टोकावर ऍसिटिल गटाचे झाकण बसवलेले आहे, त्यामुळे तोही नाही. म्हणजे तीन उणे आणि अधिक एकही नाही. रेणूभार ३०४, म्हणजे आपल्या चहातल्या साखरेच्या रेणूपेक्षाही (३४२) थोडा हलका. एवढ्याशा रेणूवर इतका भार! हे तीन उणे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तेच आडवे येणार आहेत.

या घराण्यातला थोरला भाऊ आधी सापडला. १९५६ मध्ये टॅलन, मूर आणि स्टाइन या तिघांनी मेंदूत एन-ऍसिटिल-ऍस्पार्टेट असल्याचे दाखवले. (मूर आणि स्टाइन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण वेगळ्या कामासाठी.) नागची नोंद १९६५ ची. मेंदूत तो थोडाथोडका नाही, चांगला भरपूर आहे. गंमत म्हणजे बहुतेक पेप्टाइडे पेशीतल्या रायबोसोम नावाच्या कारखान्यात जनुकाच्या नकाशाबरहुकूम बनतात, तर नाग तिथे बनतच नाही. त्याच्यासाठी वेगळे एन्झाइम आहे, जे एटीपीची ऊर्जा खर्च करून थोरल्या भावाला ग्लुटामेट जोडते. ते कोणत्या जनुकांचे, हे कळायला २०१० साल उजाडले.

आता नाग करतो काय? ग्लुटामेट हे मेंदूतले मुख्य 'चला, पुढे सांगा' असे म्हणणारे रसायन. एका चेतापेशीने ते सोडले की पुढची पेशी उत्तेजित होते. आपण बोलतो, आठवतो, शिकतो ते त्याच्यावर. (अजिनोमोटोत आणि टोमॅटोतही हेच ग्लुटामेट.) पण ते प्रमाणाबाहेर साचले तर पेशी उत्तेजित होऊन होऊन मरतात. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचे जे नुकसान होते त्यात याचा मोठा हात असतो. म्हणून ब्रेक हवा. चेतापेशी इतर रसायनांबरोबर नागही बाहेर सोडतात. तो एमग्लूआर-३ नावाच्या ग्राहीवर बसतो आणि 'आता ग्लुटामेट सोडणे कमी करा' असा निरोप देतो. निदान जॉर्जटाउन विद्यापीठाच्या जोसेफ नील यांच्या गटाने १९९७ मध्ये तसे दाखवले. यावर वाद झालेला आहे हेही सांगायला हवे. २००९ मध्ये इतर काही संशोधकांनी म्हटले की विकतच्या नागमध्ये ग्लुटामेटची भेसळ असते आणि परिणाम दिसतो तो त्या भेसळीचा. नील यांनी त्याला उत्तर दिले. कोडचा दोष की टेस्ट डेटाचा, हे भांडण आयटीवाल्यांना नवे नाही. मला स्वतःला नील यांची बाजू जास्त पटते, पण माझे मत कोण विचारतो!

ब्रेकचे काम झाले की नागची विल्हेवाट लागते. मेंदूतल्या आधारपेशींच्या पृष्ठभागावर एक एन्झाइम बसलेले असते. ते पेप्टाइड बंधावर बरोबर कात्री चालवते आणि नागचे दोन तुकडे होतात. एक तो थोरला भाऊ, आणि दुसरा ग्लुटामेट! म्हणजे ब्रेक तोडला की त्यातून ऍक्सिलरेटर निघतो. साहजिकच औषधवाल्यांच्या मनात आले की ही कात्रीच बंद पाडली तर? ब्रेक टिकेल आणि ऍक्सिलरेटरही कमी होईल. २-पीएमपीए नावाचा एक रेणू १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बार्बरा स्लशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की त्याने उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांमध्ये झटक्यानंतरचे मेंदूचे नुकसान कमी होते. पण मेंदूचे औषध म्हणून तो बाजारात आला नाही. एक मोठी अडचण आपले तीन उणे. कात्रीला फसवायचे तर नकली नागलाही तसेच ऋण भार हवेत, आणि एवढे भार अंगावर घेऊन रक्तातून मेंदूत शिरता येत नाही. मेंदूभोवतीची भिंत त्याला दारातूनच परत पाठवते.

इथपर्यंत वाचून मी वैतागलो होतो. हे सगळे छान आहे, पण बाबांच्या प्रोस्टेटचा याच्याशी संबंध काय?

संबंध असा. १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जोसेफ कॉइल यांच्या गटाने या कात्रीचा अभ्यास करून तिला 'नालाडेज' नाव दिले. त्याच १९८७ मध्ये कॅन्सरच्या शास्त्रज्ञांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी जाहीर केली. ती ज्याला चिकटते ते प्रथिन म्हणजे पीएसएमए, आणि त्याचे जनुक १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये वाचले गेले. पण ते प्रथिन करते काय ते ठाऊक नव्हते. तिसरीकडे पोषणशास्त्रवाले आतड्यातले एक एन्झाइम अभ्यासत होते. मेथी-पालकातल्या फोलेटला ग्लुटामेटची शेपटी असते आणि ती एकेक करून छाटल्याशिवाय फोलेट अंगी लागत नाही. ती छाटणारी ही कात्री. तीन इमारती, तीन विभाग, तीन नावे, आणि कोणाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

१९९६ मध्ये कॉइल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पीएसएमए आणि मेंदूतली नागची कात्री एकच. त्याच वर्षी पीएसएमए फोलेटची शेपटीही छाटते हे सिद्ध झाले. एकच जनुक, एकच प्रथिन, तीन ठिकाणी. आमच्या कंपनीत एकच फंक्शन तीन टीमनी तीन नावांनी लिहून ठेवलेले सापडते तेव्हा आम्ही कपाळाला हात लावतो. इथे मात्र त्या शोधाने एक दार उघडले. कारण पीएसएमए ही नुसती पाटी नाही, ते कुलूप आहे आणि त्याची किल्ली कशी दिसते हे मेंदूवाल्यांना आधीपासून माहीत होते! ती किल्ली म्हणजे नाग.

त्या आधीचा मार्ग किती खडतर होता ते पाहा. १९८७ च्या त्या अँटिबॉडीवर आधारलेल्या स्कॅनला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली होती. पण ती अँटिबॉडी पीएसएमएच्या पेशीच्या आतल्या टोकाला धरते. म्हणजे पाटी दाराच्या आतल्या बाजूला! जिवंत पेशीत ती पोहोचणार कशी? चित्रे धूसर येत आणि डॉक्टर फारसे समाधानी नव्हते.

किल्ली बनवतानाची अडचण उलटी होती. खरा नाग कुलपात शिरतो, कात्री चालते आणि तुकडे होऊन बाहेर पडतो. खुणेसाठी तो निरुपयोगी. हवी अशी किल्ली जी शिरेल पण तुटणार नाही, अडकून बसेल. २००१ मध्ये ऍलन कोझिकॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी जी युक्ती प्रसिद्ध केली ती इंजिनिअरला आवडावी अशीच आहे. नागमधल्या पेप्टाइड बंधाच्या जागी त्यांनी युरियाचा सांधा बसवला. तोच युरिया, खताच्या पोत्यातला आणि आपल्या लघवीतला. आकार जवळपास तोच, पण कात्रीला तो तोडता येत नाही. कात्रीच्या पात्यापाशी जस्ताचे दोन अणू असतात, ते पाण्याच्या रेणूकरवी बंध तोडतात. युरियापुढे त्यांचे काही चालत नाही.

कुलपाची रचनाही सोयीची निघाली. आत एक खोबण आहे, तिला ग्लुटामेटच लागते, तिथे तडजोड नाही. पण दुसऱ्या बाजूला सुमारे २० अँगस्ट्रॉम लांबीचे नरसाळे आहे, ते बाहेर उघडते. म्हणजे किल्लीचे दात तसेच ठेवून मागे हवी तेवढी मूठ जोडता येते. आज वापरात असलेल्या बहुतेक पीएसएमए औषधांत दात म्हणजे ग्लुटामेट-युरिया-लायसिन, आणि मुठीवर काय लावायचे ते कामाप्रमाणे. जॉन्स हॉपकिन्समधले मार्टिन पॉम्पर आणि जर्मनीतले हायडेलबर्गचे संशोधक यांनी यावर पुढे बरेच काम केले. हायडेलबर्गला २०११ मध्ये माणसांवर गॅलियम लावलेला रेणू वापरायला सुरुवात झाली. किल्ली बसली की ती पेशी कुलपासकट तिला आत ओढून घेते, हा आणखी एक फायदा, कारण मग खूण तिथेच टिकते.

बाबांच्या इंजेक्शनमध्ये मुठीवर गॅलियम-६८ होते. त्याचे अर्धायुष्य ६८ मिनिटे, म्हणजे दर ६८ मिनिटांनी निम्मे संपते. इतके अल्पायुषी द्रव्य साठवणार कसे? तर हॉस्पिटलात जर्मेनियम-६८ ची डबी ठेवतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस, आणि त्यातून गॅलियम आपोआप तयार होत राहते. लागेल तसे काढून घ्यायचे. याला शास्त्रज्ञ खरोखरच 'धार काढणे' म्हणतात आणि डबीला गाय! इंजेक्शननंतर तासाभराने रुग्णाला यंत्रात सरकवतात. गॅलियममधून पॉझिट्रॉन निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघे नाहीसे होतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्र ते पकडून उगम कुठला ते काढते. पेट म्हणजे 'पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी'. (आईला कळवले. तिने "बरं" एवढेच म्हटले.) औषध असते काही मायक्रोग्रॅम, त्यामुळे त्याचा अंगावर परिणाम असा होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत गॅलियम जवळजवळ संपून जाते. काही ठिकाणी गॅलियमऐवजी फ्लोरिन-१८ वापरतात, अर्धायुष्य ११० मिनिटे.

याने फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या ३०२ रुग्णांवरची प्रोपीएसएमए नावाची चाचणी २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. जास्त धोक्याचा कॅन्सर असलेल्यांत, उपचारांपूर्वी, तो कुठे पसरला आहे हे ओळखण्यात नेहमीच्या सीटी आणि हाडांच्या स्कॅनची अचूकता ६५ टक्के, तर या स्कॅनची ९२ टक्के निघाली. अमेरिकेत एफडीएने गॅलियमवाल्याला डिसेंबर २०२० मध्ये दोन विद्यापीठांपुरती परवानगी दिली, आणि मे २०२१ मध्ये फ्लोरिनवाल्याला.

पण रिपोर्ट वाचताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, म्हणजे रात्रीची झोप उडणार नाही. 'प्रोस्टेट-स्पेसिफिक' हे नाव फसवे आहे. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडे आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये लखलखतात. दादाने पहिला फोटो पाहून "अरे, जबड्यात पण पसरलंय" असा मेसेज टाकला होता आणि आमचे सगळ्यांचे हातपाय गार पडले होते. त्या लाळग्रंथी होत्या. पोटातल्या काही मज्जातंतूंच्या गाठीही उजळतात, आणि बरगड्यांवर फसवे ठिपके दिसू शकतात. उलट बाजूने, साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या कॅन्सरवर पीएसएमए पुरेसे नसतेच, आणि पीएसए अगदी कमी असताना छोटी गाठ निसटू शकते. तेव्हा कोरा स्कॅन म्हणजे आजार नाहीच असे होत नाही.

आता मुठीवर दुसरे काही लावले तर? ल्युटेशियम-१७७ लावले की तीच किल्ली औषध होते. त्यातून निघणारे बीटा कण शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातात, म्हणजे जवळच्या पेशी जाळून तिथेच थांबतात. अर्धायुष्य सुमारे पावणेसात दिवस. 'व्हिजन' नावाच्या चाचणीत आजार पसरलेले, इतर उपचार करून झालेले ८३१ रुग्ण होते. २०२१ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांवर मध्यम आयुष्य ११.३ महिने, ल्युटेशियमची जोड दिल्यावर १५.३ महिने. चार महिने. आकडा लहान वाटेल, पण ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना चार महिने म्हणजे काय ते विचारा. मार्च २०२२ मध्ये एफडीएने मान्यता दिली, आणि मार्च २०२५ मध्ये केमोथेरपीच्या आधीही काही रुग्णांना ते द्यायला परवानगी मिळाली.

आपल्याकडे हे त्याआधीच सुरू झाले होते, हे मला ठाऊक नव्हते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्येच आपले अनुभव प्रसिद्ध केले होते. आणि ल्युटेशियम-१७७ आपल्या मुंबईच्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव या अणुभट्टीत बनवले गेले आहे. चेंबूरला मावशीकडे जाताना लांबून दिसणारा तो घुमट मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला असेन. तिथे फक्त बॉम्बच बनतो अशी माझी समजूत होती.

लाळग्रंथींचा मुद्दा इथे परत येतो. ल्युटेशियम तिथेही थोडे जाते आणि तोंड कोरडे पडते. पोळीचा घास गिळायला पाणी लागते, तिखट झोंबते. यावर एक उपाय म्हणून चक्क अजिनोमोटो देऊन पाहिले गेले. ग्लुटामेटने ग्रंथींमधले कुलूप आधीच अडवावे अशी कल्पना. कॅनडातल्या एका चाचणीत ग्रंथींमधले शोषण कमी झाले खरे, पण गाठींमधलेही कमी झाले. म्हणजे चोराबरोबर पोलिसालाही अडवले. तेव्हा घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्या ये-जा करणाऱ्यांसाठी. ल्युटेशियमच्या उपचारानंतर काही दिवस अंगातून किरणोत्सार निघत असतो. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात घरातल्यांपासून दोन दिवस आणि लहान मुले व गरोदर बायकांपासून सात दिवस तीन फूट अंतर ठेवायला सांगितले आहे. झोपण्यासाठीचे नियम त्याहून कडक आहेत. आजोबा नातवंडांना भेटायला येणार असतील तर तारखा त्याप्रमाणे ठरवा. विमानतळावरची किरणोत्सार ओळखणारी यंत्रे त्यानंतरही ओरडू शकतात, म्हणून हॉस्पिटलचे पत्र जवळ ठेवावे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला इमिग्रेशनच्या रांगेत 'ल्युटेशियम' इंग्रजीतून समजावून सांगायला लागू नये.

बाबांना ल्युटेशियमची गरज पडली नाही. स्कॅनमध्ये ओटीपोटातली एकच लसिकाग्रंथी उजळलेली दिसली, साध्या सीटीत ती कोणाच्या नजरेत भरली नसती इतकी छोटी. तिच्यासकट त्या भागाला रेडिएशन दिले. आठवड्यातून पाच दिवस, दादा ऑफिसला उशिरा जाऊन त्यांना घेऊन जायचा.

मधे एकदा मी त्यांना हे सगळे फोनवर सांगत होतो. म्हटले, बाबा, ज्या मेंदूतून ही किल्ली आली तो मेंदू मात्र तुमच्या स्कॅनमध्ये काळाकुट्ट आहे, कारण तीन ऋण भार असलेले औषध त्या भिंतीतून आत जातच नाही.

"म्हणजे माझ्या डोक्यात काही दिसलं नाही, असंच ना?" बाबा म्हणाले. "हे तुझी आई चाळीस वर्षं सांगतेय. त्याला एवढा खर्च कशाला?"

पुढचे पीएसए जूनमध्ये आहे.